रेल्वेचा नाद: लागतो कसा, टिकवायचा कसा

फाटक बंद असतं. स्कूटरवर पुढे उभं असलेलं सहा वर्षांचं पोर मालगाडीचे डबे मोजायला लागतं, चाळिशीत कुठेतरी चुकतं आणि त्या दिवसापासून फाटक बंदच असावं अशी आशा करत रस्त्याने जातं. बहुतेकांना रेल्वेचा नाद असाच लागतो. कुणाचं घर रुळाला लागून असतं आणि रात्रीची ठरावीक गाडी गेल्याशिवाय त्याला झोप येत नाही. कुणाला मे महिन्यात आजोळी जाताना खिडकीतून शेजारचा एक रूळ फुटून दोन होताना दिसतो. कुणी वीस वर्षं एकच लोकल पकडतो आणि एके दिवशी त्याच्या लक्षात येतं, की डोळे मिटलेले असतानाही पूल आला की बोगदा, हे आपल्याला आवाजावरून कळतंय. भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी या गावांतल्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या मुलांना तर 'रनिंग रूम' (गाडीवरच्या कर्मचाऱ्यांची विश्रांतीची खोली) आणि 'लाइट इंजिन' (डब्यांशिवाय एकटं धावणारं इंजिन) हे शब्द शाळेच्या आधी पाठ असतात.

नाद लागतो तसा सुटतोही पटकन. मूल इंजिनाकडे बोट दाखवतं आणि मोठी माणसं लगेच सुरू होतात: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. माहिती सगळी बरोबर आहे. पण मुलाला विचारायचं होतं ते हे, की उभी असलेली गाडी अचानक वीतभर मागे का सरकली. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न पडतच नाही. म्हणून इथे सांगितलेल्या सगळ्या कृतींचा रोख एकच आहे: स्वतःला किंवा मुलाला प्रश्न पडेल अशा जागी नेऊन उभं करायचं आणि उत्तराची घाई करायची नाही.

पहिली जागा

सीएसएमटी किंवा पुणे स्टेशन पहिल्या खेपेला टाळा. तिथे गर्दी फार असते, गाड्या नुसत्या उभ्या असतात आणि इंजिन चोवीस डबे पलीकडे. गाडीचं *काहीतरी केलं जातं* असं स्टेशन हवं: इंजिन जोडणं-काढणं, एका गाडीला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेऊन दुसरीला पुढे काढणं, एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग. मुंबई-पुण्याकडच्यांसाठी कर्जतइतकी चांगली शाळा दुसरी नाही, नाशिकच्या बाजूला कसारा. कोकणात वीरच्या दक्षिणेला मार्ग अजून एकेरी आहे, त्यामुळे तिथलं कुठलंही क्रॉसिंगचं स्टेशन चालेल. खानदेश-विदर्भात मनमाड, भुसावळ, वर्धा.

कर्जतचंच सविस्तर घेऊ.

सीएसएमटीपासून कर्जत १०० किलोमीटर, लोणावळा १२८. मधल्या २८ किलोमीटरमध्ये बोरघाट. समुद्रसपाटीपासून जेमतेम वर असलेली गाडी लोणावळ्याला ६०० मीटरच्या वर पोचते. घाटातला सगळ्यात तीव्र चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्याच्या हिशेबात हा चढ काहीच नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक असेल तर फार आहे. मुलाला कागदावर गणित करायला द्या: एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीचा, डबा साधारण साडेतेवीस मीटर लांब, असे २४ डबे म्हणजे सुमारे ५६५ मीटर. भागिले ३७. उत्तर १५ मीटर. अख्खी गाडी त्या चढावर असते तेव्हा तिचं तोंड शेपटीपेक्षा पाच मजले उंचावर असतं. हे गणित स्टेशनवर गाडी बघितल्यानंतर करायचं, आधी नाही.

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली, की तिच्या मागच्या टोकाला दोन-तीन इंजिनं जोडून लावतात. त्यांना बँकर म्हणतात. हे बघायचं तर मुंबईकडच्या टोकाला, शेवटचा डबा येतो त्याच्या आसपास उभं राहावं लागतं. बरेच जण इंजिन बघायला म्हणून पुढच्या टोकाला जातात आणि खरा खेळ मागे होऊन जातो. बँकर माणसाच्या चालीने येतो, थोडा अलीकडे थांबतो, मग पुन्हा सरकतो. कपलिंग, म्हणजे डबे-इंजिन जोडणारा आकडा, बसताना जो धक्का बसतो तो डब्याडब्यातून पुढे जाताना ऐकू येतो. मग दोन्ही टोकांच्या शिट्ट्या होतात आणि गाडी निघते. सगळा प्रकार काही मिनिटांचा.

इथे प्रश्न आपोआप पडतात. उत्तरं ही:

*इंजिन पुढेच का नाही लावत?* सगळी ताकद पुढून लावली, तर अख्ख्या गाडीचं ओझं पहिल्या कपलिंगवर येतं आणि चढावर ते तुटण्याची भीती असते. मागून रेटलं की ओझं विभागलं जातं. आणि मध्ये कुठे कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे मागे घरंगळत जाण्याऐवजी बँकरला टेकून राहतात.

*वंदे भारतला बँकर का लागत नाही?* फेब्रुवारी २०२३पासून सीएसएमटी-सोलापूर वंदे भारत हा घाट बँकरशिवाय चढते. तिला वेगळं इंजिन नसतंच. मोटरी डब्यांखाली वाटलेल्या असतात, त्यामुळे ओढणारी चाकं गाडीभर पसरलेली असतात. पुढे आणि मागे दोन्हीकडे इंजिन लावून धावणाऱ्या पुश-पुल गाड्यांनाही याच कारणाने बँकर लागत नाही. कर्जतला दोन तासांत एक बँकरवाली आणि एक बिनबँकरची गाडी पाहायला मिळाली, तर दिवस सार्थकी लागला म्हणायचा.

*उतरताना काय?* उतरताना भीती उलटी: थांबता न येण्याची. म्हणून घाटात कॅच साइडिंग आहेत. मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा आणि तिथेच संपणारा हा रूळ. सांधा, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा जोड, कायम त्या साइडिंगकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबते, ती थांबली याची खात्री झाली की मगच सांधा मुख्य मार्गाला फिरवतात. एखाद्या गाडीचे ब्रेक निकामी झाले, तर ती आपोआप चढावर जाऊन थांबावी, अशी योजना. मुंबईकडे येणारी गाडी घाटात 'उगाच' थांबते तेव्हा प्रवासी वैतागतात. कारण ठाऊक असलेला माणूस त्या वेळी खिडकीतून सांधा शोधत असतो.

आणि एक जोड माहिती, कुणी विचारलंच तर: १९२९पर्यंत खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला नेऊन दिशा उलटवून पुढे काढावी लागे. नवा मार्ग झाला आणि ते रिव्हर्सिंग स्टेशन इतिहासजमा झालं.

प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपये, मुदत दोन तास. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी पाऊण तास पुरे. ते अजून रमलेलं असतानाच निघा, कंटाळेपर्यंत थांबवू नका. मोठ्यांनी पूर्ण दोन तास बसावं, कारण पहिला तास नजर बसण्यातच जातो. जाण्याआधी गाड्यांची स्थिती दाखवणाऱ्या रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर त्या स्टेशनची 'लाइव्ह' यादी बघून कुठल्या गाड्या येणार ते टिपून ठेवा. नंतर फोन खिशात. गाडी कुठे पोचली हे दर मिनिटाला स्क्रीनवर बघत बसलं की सिग्नल बदललेला दिसत नाही, आणि शिकायचं असतं ते नेमकं तेच.

वही

शंभर पानी, आडव्या रेघांची, खिशात मावेल अशी. मोबाइलमध्ये नोंदी करणारे आठवड्याभरात थांबतात, हे हटकून दिसतं, कारण फोन उघडला की माणूस दुसरीकडे जातो. रकाने सहाच ठेवा: वेळ, गाडी क्रमांक, इंजिन, डबे, उशीर, आणि एक रुंद रकाना 'का?' असा. एका बैठकीत आठ-दहा नोंदी होतात. 'का?'चा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण सलग तीन बैठका रिकामा राहिला तर जागा बदला.

गाडीचा क्रमांक डिसेंबर २०१०पासून पाच आकडी आहे. पहिला आकडा प्रकार सांगतो: १ आणि २ लांब पल्ल्याच्या, ० विशेष गाड्या, ५ पॅसेंजर, ६ मेमू, ७ डेमू, ९ मुंबईची लोकल. १२ किंवा २२ने सुरू झाली तर बहुधा सुपरफास्ट, ११ असेल तर बहुतेक वेळा मध्य रेल्वेच्या कुटुंबातली, १० असेल तर कोकण रेल्वेची, उदाहरणार्थ मांडवी एक्स्प्रेस १०१०३. जोडगाडीचे क्रमांक लागोपाठ असतात: डेक्कन क्वीन मुंबईहून निघते तेव्हा १२१२३, पुण्याहून परत येते तेव्हा १२१२४. मुंबईपासून दूर जाणारी ती 'डाउन', मुंबईकडे येणारी ती 'अप'. घाट चढणाऱ्या गाडीला डाउन म्हणतात, याची नवख्याला गंमत वाटते. 'का?'च्या रकान्यातली पहिली नोंद बहुधा हीच असते.

इंजिनाच्या अंगावर वर्ग आणि क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. वर्गाची अक्षरं तीन कोड्यांची आहेत. पहिलं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय मीटरगेज, झेड आणि एन नॅरोगेज. दुसरं ऊर्जा: ए म्हणजे एसी वीज, सी म्हणजे डीसी, डी म्हणजे डिझेल. तिसरं काम: पी प्रवासी, जी माल, एम मिश्र, एस शंटिंग. म्हणजे डब्ल्यूएपी-७ हे ब्रॉडगेजवरचं, एसी विजेवरचं, प्रवासी गाडीचं इंजिन. ताकद ६,३५० अश्वशक्ती, क्रमांक ३०२०१पासून पुढे. मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ ३१ हजारांच्या मालिकेत सापडतं, जुनं डब्ल्यूएपी-४ २२ हजारांत. दोन भाग जोडून केलेलं १२,००० अश्वशक्तीचं डब्ल्यूएजी-१२ ६० हजारांत. 'सी'वालं इंजिन मात्र आता संग्रहालयातच. मुंबईत विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला सुरू झाली ती १,५०० व्होल्ट डीसीवर, आणि मुंबईतल्या डीसीचा शेवट व्हायला २०१६ उजाडलं. घाटात १९२८पासून राबलेल्या डब्ल्यूसीजी-१ला रेल्वेची माणसं 'खेकडा' म्हणत.

इंजिनावर त्याच्या शेडचं, म्हणजे देखभालीच्या ठिकाणाचं, नावही असतं: कल्याण, अजनी, भुसावळ, वलसाड, वडोदरा. कर्जतला उभ्या असलेल्या गाडीला फार लांबच्या शेडचं इंजिन दिसलं, की विचारायला जागा झाली. इंजिनं गाडीबरोबर देशभर फिरतात, पण मोठ्या तपासणीला त्यांना स्वतःच्या शेडला परत जावं लागतं, आणि तिथवरचा त्यांचा प्रवास जुळवणं हे एक स्वतंत्र काम असतं.

डबे ओळखायला एकच जागा बघा: दोन डब्यांमधली फट. दोन्ही बाजूंना गोल तबकड्यांसारखे बफर आणि मध्ये आवळायचा स्क्रू दिसला तर जुना आयसीएफ. बफर नसून मध्ये एकच दणकट जबडा असेल तर एलएचबी. रंगावर जाऊ नका, तो फसवतो. ब्रेक लागतानाही कान देऊन फरक कळतो: आयसीएफमध्ये ब्रेकचा ठोकळा थेट चाकावर घासतो म्हणून किंचाळी येते, एलएचबीत डिस्क ब्रेक असल्याने आवाज बसका येतो. स्लीपरच्या आयसीएफ डब्यात ७२ जागा, एलएचबीत ८०. आयसीएफ पद्धतीच्या डब्यांचं उत्पादन २०१८ साली थांबलं आहे आणि उरलेले एकेक करून जात आहेत, म्हणून ते दिसले की नोंदवाच. त्यांच्या अंगावरच्या पाच आकड्यांत पहिले दोन आकडे बांधणीचं साल, शेवटचे तीन प्रकार: २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० जनरल, १०१ ते १५० थ्री टायर एसी. ०९२३४ म्हणजे २००९चा स्लीपर. या एका युक्तीवर दहा वर्षांची मुलं अर्धा तास रमतात आणि सगळ्यात म्हातारा डबा कोण याची शर्यत लावतात.

शेवटचा डबा सोडू नका. त्याच्या पाठीवर मोठी फुली असते, 'एलव्ही' अशी पाटी असते, आणि रात्री लाल दिवा लुकलुकतो. न थांबता जाणाऱ्या गाडीला स्टेशनवरचा माणूस हिरवा बावटा दाखवत उभा असतो, तो शेवटी नेमकं हेच बघत असतो: पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मागे काही सुटून राहिलं नाही. पाटी दिसली नाही, तर आधीचा टप्पा मोकळा झाला असं धरता येत नाही आणि मागची गाडी खोळंबते.

कान आणि घड्याळ

वेग मोजायला ॲप लागत नाही. रुळाच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर प्रत्येक खांबावर ५४/१२ असा क्रमांक असतो, त्यातला वरचा आकडा किलोमीटरचा. ५४ जाऊन ५५ येईपर्यंतचे आणि ५५ जाऊन ५६ येईपर्यंतचे सेकंद मोजा. ३,६०० भागिले सेकंद म्हणजे ताशी किलोमीटर. ४५ सेकंद लागले तर ८०, ३६ लागले तर १००, २८ लागले तर जवळजवळ १३०. पहिल्या खेपेला हमखास होणारी चूक अशी, की पहिला दगड दिसताक्षणी घड्याळ चालू होतं आणि दुसरा खिडकीसमोरून गेल्यावर बंद होतं. दोन्ही वेळा दगड खिडकीच्या एकाच कडेला आला की मगच बटण दाबा.

जुनी रीत अजून मजेची आहे. १३ मीटर लांबीचे रूळ फिशप्लेटने, म्हणजे लोखंडी पट्टीने, जोडलेले असतील तर प्रत्येक सांध्यावर 'खटॅक्' होतं. ४७ सेकंदांत जितके खटॅक् तितका ताशी वेग. (१३ मीटरला ३.६ने गुणा, ४६.८ येतात.) अडचण एवढीच, की मुख्य मार्गावर आता रूळ जोडून शेकडो मीटर लांब सलग केलेले असतात, त्यामुळे तो ताल ऐकूच येत नाही. लहान शाखांवर आणि स्टेशनच्या लूपमध्ये कान ठेवला तर कुठे कुठे अजून सापडतो.

पाट्यांमध्ये आधी एकच शिका: पिवळ्या पाटीवर 'सी/फा'. सीटी, फाटक. पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा, अशी लोको पायलटला सूचना. पाटी दिसली की मुलाने मोठ्याने आकडे मोजायचे आणि शिट्टी कितव्या आकड्याला होते ते बघायचं. सिग्नल त्यानंतर: लाल थांबा, एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेवा, दोन पिवळे म्हणजे सावध, पुढचा सिग्नल कमी वेगाने ओलांडायची तयारी ठेवा, हिरवा म्हणजे मोकळा रस्ता. प्लॅटफॉर्मच्या टोकाचा सिग्नल लालवरून पिवळा किंवा हिरवा झाल्यापासून गाडी हलेपर्यंत किती सेकंद जातात, हे दहा गाड्यांचं लिहून ठेवा. आकडे एकसारखे येणार नाहीत. ते का येत नाहीत, हा पुढच्या बैठकीचा विषय.

पहिला मुद्दामचा प्रवास

नाद असलेल्याने एकदा तरी कुठे पोचायचं नसताना गाडीत बसावं. कर्जत ते लोणावळा हा टप्पा तासाभरात होतो. शक्यतो मागच्या डब्यात बसा. तिथून बँकरचा घुमणारा आवाज ऐकू येतो आणि डावी-उजवी वळणं आली की स्वतःच्याच गाडीचं पुढचं इंजिन दिसतं. बोगदे मोजा, पण बोटांवर नको, वहीत रेघा मारा. निम्मे बोगदे एवढे लागोपाठ येतात, की बोटं कमी पडतात. लोणावळ्याला उतरून मागे चालत जा आणि बँकर सुटताना बघा. परतीच्या गाडीत कॅच साइडिंग शोधा. जाताना वर चढलेली तीच माणसं येताना गाडी थांबल्यावर कुरकुरतात, ती कुरकुर ऐकत.

दुसरा प्रवास नेरळ-माथेरानचा. १९०७ची ही गाडी दोन फुटी रुळावर, २०ला १ अशा चढावर जाते. कर्जतच्या गणिताशी ताडून बघितलं, तर इथे डबे एवढे छोटे आणि वळणं एवढी आवळलेली का, ते न सांगता कळतं. पावसाळ्यात नेरळकडचा भाग सहसा बंद असतो, अमन लॉज ते माथेरान मात्र चालू राहते.

आलेख: घरबसल्या करायची कृती

रेल्वेचं नियंत्रण कक्ष गाड्या यादीत नाही, आलेखावर बघतं. तो आलेख एकदा स्वतः काढला की वेळापत्रक कायमचं वेगळं दिसायला लागतं. दहा-अकराच्या पुढच्या मुलाला जमतं, मोठ्यांना तर व्यसन लागतं.

आलेखाचा मिलिमीटर कागद, टोकदार पेन्सिल, दोन रंग. भाग निवडा चिपळूण ते रत्नागिरी, सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, एकेरी मार्ग. उभ्या अक्षावर अंतर: १० किलोमीटरला १ सेंटिमीटर. आडव्या अक्षावर वेळ: तासाला ६ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला १ मिलिमीटर. कागद आडवा धरला तर चार तास मावतात. डाव्या कडेला स्टेशनं त्यांच्या खऱ्या अंतरावर लिहा: चिपळूण, कामथे, सावर्डे, आरवली रोड, संगमेश्वर रोड, उक्षी, भोके, रत्नागिरी. प्रत्येकातून एक फिकट आडवी रेघ. समान अंतरावर स्टेशनं मांडणं ही इथली नेहमीची चूक. तसं केलं की सगळ्या रेघांचा तिरपेपणा खोटा पडतो.

आता ॲपवरून त्या चार तासांतल्या गाड्यांच्या वेळा घ्या. डाउन गाड्या एका रंगात, अप दुसऱ्या. रेघ जितकी उभी तितका वेग जास्त. आडवी झाली म्हणजे गाडी उभी आहे. दोन रंगांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे क्रॉसिंग. एकेरी मार्गावर हा छेद स्टेशनच्या रेघेवरच यायला हवा. तो उक्षी आणि भोके यांच्या मध्येच कुठेतरी आला, तर तुम्ही साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात दोन गाड्या समोरासमोर आणल्यात: वेळ चुकली किंवा एक गाडी जिथे थांबते ते थांबणं वेळापत्रकात छापलेलंच नाही. बहुतेक वेळा दुसरं कारण असतं. ॲपवर थांबा नसलेल्या स्टेशनात गाडी दहा मिनिटं का उभी राहते, याचं उत्तर कागदावर स्वतःच्या हाताने सापडतं.

मग एका गाडीला पेन्सिलने चाळीस मिनिटं उशीर करून बघा. बाकी रेघा कुठे कुठे सरकवाव्या लागतात ते बघताना कळतं, की सावंतवाडीकडचा उशीर पनवेलपर्यंत कसा येतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, वेग कमी केलेले असतात. तेव्हाचा आलेख वेगळ्या कागदावर काढून दोन्ही शेजारी ठेवा.

मॉडेल आणि संग्रहालयं

मॉडेलचा संच पहिल्या महिन्यात घेऊ नका. महाग असतो, आणि गोल फिरणारी गाडी तीन दिवसांत जुनी होते. आधी पुठ्ठ्याचा डबा करा. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात एलएचबी डबा २७ सेंटिमीटर लांब आणि पावणेचारच्या आत-बाहेर रुंद येतो, आयसीएफ साडेचोवीस लांब. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो, नालीदार पुठ्ठा कडेला फुगतो. पुढे संच घेतलाच, तर त्यात मिळणारे साडेचारशे मिलिमीटर त्रिज्येचे आवळ वळणाचे रूळ आपल्या लांब डब्यांना पुरत नाहीत. डबे बाहेर लोंबतात आणि घसरतात. शिवाय त्या रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर असते, आपलं १,६७६ मिलिमीटरचं ब्रॉडगेज त्याच प्रमाणात १९ मिलिमीटरच्या वर जातं. भारतीय गाडी तिथे जरा बारीक पायांवर उभी दिसते. त्यावर उपाय स्वतः रूळ घालणं, आणि ते नंतरचं काम.

बघायला पुण्यात कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, नागपुरात मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय, दिल्लीत चाणक्यपुरीचं राष्ट्रीय रेल संग्रहालय. वही थोडी भरल्यावर जा. आधी गेलात तर ती नुसती लोखंडाची प्रदर्शनं वाटतात.

काय बिघडतं

रूळ ओलांडून 'चांगल्या कोनात' जाणं. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४७खाली हा गुन्हा आहे. पण त्याहून वाईट म्हणजे विजेवरची गाडी मागून येताना ऐकू येत नाही, शेजारच्या मार्गावर दुसरी गाडी वाजत असेल तर मुळीच नाही. प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीच्या अलीकडे (रुळांपासून दूर), पुलावर किंवा फाटकाबाहेर, या तिन्ही ठिकाणांहून सगळं दिसतं.

वरची तार २५,००० व्होल्टची. तिला हात लावावा लागत नाही. दोन मीटरच्या आत सेल्फी स्टिक, छत्रीची दांडी, ओला बांबू आला तरी झटका बसू शकतो. पादचारी पुलावरून खाली काठी लोंबवून चित्रीकरण करणारे दिसतात. मुलांना हे दाखवून स्पष्ट सांगा. उभ्या मालगाडीवर चढणं तर सरळ मृत्यू.

दारात उभं राहून डोकं बाहेर काढणं: घाटात खांब आणि बोगद्याच्या भिंती हातभर अंतरावर असतात.

कॅमेरा. फोनने काढलेल्या फोटोंना सहसा कुणी हटकत नाही, ट्रायपॉड आणि मोठी भिंग निघाली की रेल्वे सुरक्षा दलाचा जवान येतो. त्याच्याशी वाद घालू नका, वही दाखवा, प्लॅटफॉर्म तिकीट दाखवा, थांबवलं तर थांबा. व्यावसायिक चित्रीकरणाला लेखी परवानगी लागते. सिग्नल केबिन, शेड आणि यार्डात परवानगीशिवाय जायचंच नाही.

ड्यूटीवरच्या माणसाला प्रश्न विचारण्याची वेळ चुकते. गाडी येताना आणि निघताना पॉइंट्समन (सांधे बदलणारा), ट्रेन मॅनेजर (पूर्वीचा गार्ड) यांना बोलायला लावू नका. गाडी सुटून पाच मिनिटं झाली की तोच माणूस स्वतःहून वीस मिनिटं बोलतो.

आणि मूल मध्येच सोडून देतं. क्रिकेट येतं, मित्र येतात, वही अर्धी राहते. मागे लागू नका, वही टाकूही नका. पुढच्या मे महिन्यात खिडकीची जागा मात्र त्यालाच द्या.